'समादियामि'चा अर्थ कोणत्या वर्गात शिकवायचा? विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे,
मा. अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा,
तसेच विद्या परिषदांचे व अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य यांस

विषय : पदवी स्तरावर धर्मांचा अभ्यास हा स्वतंत्र विषय मराठीतून सुरू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २७ वर्षे तत्त्वज्ञान शिकवतो आहे. शेवटच्या वर्षाला आमच्याकडे 'धर्माचे तत्त्वज्ञान' असा एक पेपर असतो. ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे, अशुभाची समस्या, आत्म्याचे अमरत्व, श्रद्धा आणि तर्क असे त्याचे घटक. पेपर चांगला आहे आणि तो मी आवडीने शिकवत आलो. पण त्यात ॲन्सेल्म आणि थॉमस अक्वायनस हे मध्ययुगीन युरोपातले ख्रिस्ती विचारवंत भेटतात, आणि ज्या मुलाच्या घरी दर चंपाषष्ठीला तळी उचलली जाते त्याला खंडोबा कुठेच भेटत नाही. मशिदीत जाणाऱ्याला नमाज भेटत नाही, विहारात जाणाऱ्याला वंदना भेटत नाही. धर्माचं नाव घेऊन आम्ही ईश्वराच्या कल्पनेवर बोलतो, आणि धर्म जगणारी माणसं मात्र व्हरांड्यातच राहतात.

हे फार खटकू लागलं तेव्हा काही वर्षांपूर्वी मी शनिवारी एक जादा तास सुरू केला. त्याला गुण नव्हते, हजेरी नव्हती. पहिल्या शनिवारी मुलांना एवढंच सांगितलं, की ज्यात 'धर्म' हा शब्द येतो असे घरात-गावात ऐकलेले शब्द फळ्यावर येऊन लिहा. दानधर्म, शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मपत्नी, धर्मसंकट, धर्मादाय, धर्मांतर, आपद्धर्म, 'धर्माची गाय'. अर्ध्या तासात फळा भरला. मग विचारलं, यातल्या किती शब्दांत धर्म म्हणजे शाळेच्या दाखल्यावर लिहितात तो धर्म? मुलं एकेक शब्द पुसत गेली. शेवटी धर्मांतर हा एकच शब्द उरला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे दाखल्यावरचा धर्म आपल्या भाषेत नवाच आहे की." तिला मी शाबासकी दिली आणि घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसलो. तीन वर्षं पदवीला बसणाऱ्या मुलीला हा प्रश्न सुचण्याची जागा आमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती.

आणखी एका शनिवारबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी त्या तासातूनच निघाली आहे.

वर्गातल्या एका बौद्ध मुलाला त्रिसरण-पंचशील तोंडपाठ होतं. लहानपणापासून दर पौर्णिमेला, प्रत्येक लग्नात, प्रत्येक जयंतीला म्हटलेलं. त्याला मी पहिलं शील फळ्यावर लिहायला लावलं: 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.' अर्थ विचारला तर तो म्हणाला, "हिंसा करू नका." आम्ही शब्द सोडवायला बसलो. पाण म्हणजे प्राण, जीव. अतिपात म्हणजे घात. वेरमणी कुठून आलं हे कुणाला सांगता येईना, तेव्हा मी फळ्यावर नुसता स्वल्पविराम काढला. त्यातला 'विराम' तोच हा, थांबणं, परावृत्त होणं. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्यासाठी उचललेलं एक पाऊल म्हणा. आणि समादियामि? हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. 'मी घेतो.' यात कुणी कुणाला आज्ञा करत नाही. जीवघातापासून थांबायला शिकण्याची जबाबदारी मी माझ्या अंगावर घेतो, असं म्हणणारा स्वतःपुरतं म्हणतो.

तो मुलगा थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "एवढी वर्षं मी हे म्हणतोय, आणि मी काहीतरी घेतोय हे मला आज कळलं."

मग बायबलच्या मराठी भाषांतरातून निर्गमाचा विसावा अध्याय काढला. 'खून करू नको.' द्वितीयपुरुष, एकवचन. देव बोलतो आहे, माणूस ऐकतो आहे. लहानपणी मक्तबमध्ये कुराण शिकलेल्या मुलाने सूरा बनी इस्राईलमधला भाग म्हणून दाखवला: 'वला तक्तुलू...', म्हणजे 'ठार मारू नका'. तिथेही आज्ञाच आहे, पण ती अनेकवचनात, 'तुम्ही' म्हणून साऱ्या समाजाला केलेली. पुढे 'हक्काखेरीज' असा अपवादही येतो, आणि न्यायाचा सगळा विचार त्या अपवादातून फुटतो. शेवटी जैन साधूंच्या दीक्षेतलं पहिलं महाव्रत वाचलं. त्यात आधी 'पाणाइवायाओ वेरमणं' असं येतं आणि नंतर 'सव्वं भंते पाणाइवायं पच्चक्खामि'. मुलं ओरडलीच, "सर, तेच शब्द!" अर्धमागधीतले आणि पालीतले शब्द सख्ख्या भावांसारखे शेजारी उभे होते. मात्र जैन साधू 'भंते' अशी गुरूंना हाक मारून, त्यांच्या साक्षीने, 'सगळा' प्राणघात सोडतो.

एका मुलाने विचारलं, "सर, देवाने सांगितलेलं मोडणं आणि आपण होऊन घेतलेलं मोडणं, यात जास्त मोठं पाप कोणतं?"

तास संपला होता. घंटा होऊनही कुणी उठलं नाही. अध्यापनाच्या २७ वर्षांत असा तास मला फार थोड्या वेळा लाभला. त्या चार ओळींत कुणाचा धर्म वाढला नाही, कुणाचा कमी झाला नाही, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. चार घरांतून आलेल्या मुलांनी चार ग्रंथांचं व्याकरण वाचलं, आणि त्या वाचनातून नीतिशास्त्राचा एक खराखुरा प्रश्न उभा राहिला.

महोदय, या तासाला नाव द्यायचं तर कोणत्या विषयाचं द्यायचं? पाली विभाग म्हणेल, पंचशील आमचं. अर्धमागधी आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे. अरबीचा विभाग वेगळा, तत्त्वज्ञानाचा वेगळा. मराठीच्या वर्गात संतसाहित्य येतं ते वाङ्मय म्हणून, इतिहासात चळवळ म्हणून, समाजशास्त्रात संस्था म्हणून. यातलं प्रत्येक काम आवश्यक आहे. पण माणूस प्रार्थना का करतो, व्रत का घेतो, ग्रंथाला प्रमाण का मानतो, देवाच्या नावाने एकत्र येतो आणि देवाच्याच नावाने फुटतो ते कसं, हे प्रश्न हेच ज्याचं मुख्य काम असा विषय आमच्या बहुतेक महाविद्यालयांत पदवीला घेताच येत नाही.

मराठीत तर हे विशेष बोचतं. आपल्या भाषेतल्या ग्रंथांचा आरंभच मुळी ईश्वरविचारातून झाला. लीळाचरित्र घ्या, ज्ञानेश्वरी घ्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम घ्या. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण घ्या. बायबलची कथा सांगायला एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूला 'पुराण' हा घाट आणि ओवी हा छंद का घ्यावासा वाटला, स्वर्ग आणि वैकुंठ हे शब्द वापरताना त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आल्या असतील, हे प्रश्न थिऑलॉजीचे, म्हणजे ईश्वरविद्येचे आहेत. आमच्या मुलांना क्रिस्तपुराण भेटतं ते मराठी भाषेच्या गौरवापुरतं, दोन ओव्यांपुरतं. भाषेची पाठ थोपटून घ्यायची आणि ज्यासाठी ते पुस्तक लिहिलं गेलं त्याकडे बघायचंही नाही, हे मला बरं वाटत नाही.

ही उणीव कुठून आली ते पाहिलं पाहिजे. भारतातल्या शिक्षणाचं ब्रिटिश धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वुडच्या खलित्यात स्पष्ट सांगितलं होतं, की पदवीच्या परीक्षांमध्ये धर्मश्रद्धेशी संबंधित विषय असणार नाहीत. त्या खलित्यातूनच १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं उभी राहिली. परक्या सरकारने, त्यातही ज्याच्या पाठीमागे मिशनरी उभे आहेत असा संशय लोकांना होता अशा सरकारने, धर्मापासून हात राखून राहावं हे त्या काळी शहाणपणाचंच होतं. पण राज्य गेलं आणि तो नियम आमच्या सवयीत राहून गेला.

या सवयीची किंमत ज्यांनी मोजली त्यांत धर्मानंद कोसंबी मला सर्वांत जवळचे वाटतात. गोव्यातल्या सांखवाळला १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस एका मासिकातलं बुद्धचरित्र वाचून झपाटला आणि बौद्ध धर्म शिकायला घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये सिलोनला पोचला, कारण जे शिकायचं होतं ते इथे शिकवणारं कुणी नव्हतं. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेला हा मुलगा पुढे हार्वर्डला विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी गेला, आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. त्यांच्या पायपिटीचं आपण कौतुक करतो. मला त्यात आमच्या शिक्षणव्यवस्थेचं अपुरेपण दिसतं. आज सव्वाशे वर्षांनी एखाद्या गावातला मुलगा तसाच झपाटला तर पालीपुरती सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, हे खरं. पण त्याला बौद्ध, जैन, वैदिक आणि इस्लामी परंपरा एकमेकींशेजारी ठेवून शिकायच्या असतील तर त्याने पदवीला कुठे जायचं?

माझ्या जिल्ह्यातलंच वाई घ्या. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा धर्मकोश, मराठी विश्वकोशाचं काम, हे सगळं कृष्णेच्या त्या लहानशा गावात झालं. शास्त्र शिकलेले तर्कतीर्थ अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ घेऊन उभे राहिले. परंपरा आतून शिकलेला माणूसच तिच्याशी बरोबरीने भांडू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मी मुलांना देऊ शकत नाही. तिकडे मुंबईत वकिली करता करता पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. त्यांना भारतरत्न मिळालं. धर्माचा एवढा मोठा अभ्यास महाराष्ट्रात झाला, आणि तो बहुतांशी पाठशाळेत, संशोधन संस्थेत किंवा कोर्टाच्या कामातून उरलेल्या वेळात झाला. पदवीच्या वर्गात त्याचा झरा आलाच नाही.

आता कायद्याची हरकत. मी जेव्हा जेव्हा हा विषय काढला तेव्हा मला राज्यघटनेचा अनुच्छेद २८ दाखवला गेला. एका बैठकीत तर, "सर, नोकरी सांभाळा," असं प्रेमाने सांगण्यात आलं. म्हणून सांगतो, अनुच्छेद २८ नीट वाचू या. संपूर्णपणे राज्याच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही, असं त्याचं पहिलं कलम सांगतं. तिथे अभिप्रेत आहे ते एखाद्या पंथाची दीक्षा देणारं, श्रद्धा रुजवणारं शिक्षण. धर्मांविषयीच्या शिक्षणाला तिथे मनाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं म्हटलं. शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हाच भेद पुन्हा मांडला गेला. मग आपण कशाला घाबरतो?

इतर ठिकाणी कुणी घाबरलेलं नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्म-अभ्यासाचा विभाग आहे. शांतिनिकेतनात विश्वभारतीत तत्त्वज्ञान आणि तुलनात्मक धर्म असा विभाग आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेत धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे शिक्षकाची पात्रता ठरवणारी परीक्षा आहे, पण ती पास होऊन आलेल्याला आमच्याकडे नेमायला जागा नाही.

आणि कल्पनाही नवी नाही. विद्यापीठीय शिक्षणासाठी नेमलेल्या १९४८-४९ च्या डॉ. राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या तीन वर्षांचा आराखडाच दिला होता. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, जरथुश्त्र, येशू, महंमद, शंकराचार्य, कबीर, नानक अशांची चरित्रं. दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक वेचे. तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मध्यवर्ती प्रश्न. पुढे कोठारी आयोगानेही धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला आणि बहुधर्मीय लोकशाहीत सर्व धर्मांचा सहिष्णू अभ्यास हवा असं लिहिलं. राधाकृष्णन आराखड्यातलं तिसरं वर्ष आमच्याकडे पेपर म्हणून आलं, पहिली दोन आलीच नाहीत. पाया आणि भिंती न घालता आम्ही थेट छप्पर टाकलं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणालीचे श्रेयांक आले. मला आनंद झाला होता. प्रत्यक्षात आमच्याकडे तो तास ज्याचा कार्यभार कमी पडत होता त्याला देण्यात आला. त्या बिचाऱ्याने इंटरनेटवरून पीपीटी उतरवून घेतली आणि परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न आले: उपनिषदांची संख्या किती, अमुक ग्रंथाचा कर्ता कोण. मुलांनी पाठ केलं, गुण घेतले, विसरून गेली. त्या शिक्षकाचा दोष नाही, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. पण ज्ञान प्रणाली म्हणायचं आणि पूर्वपक्ष गाळायचा, हे कसं चालेल? आपल्या परंपरेत समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, तेही त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मग उत्तर द्यायचं. चौदाव्या शतकातले माधवाचार्य स्वतः वेदान्ती, पण सर्व दर्शनांचा संग्रह लिहायला बसले तेव्हा सुरुवात त्यांनी चार्वाकापासून केली. मला वर्गात हवी आहे ती ही शिस्त. चार्वाक हवा, बुद्ध हवा, महावीर हवेत, येशू आणि महंमद हवेत, फुल्यांचा सार्वजनिक सत्यधर्म हवा आणि डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपुरात घेतलेला निर्णयही हवा, त्यामागच्या वीस वर्षांच्या अभ्यासासह. यातला एक जरी वगळला तर तो अभ्यास राहत नाही, प्रचार होतो. तसा अभ्यासक्रम होणार असेल तर माझी मागणी मीच मागे घेईन.

इथे एक गैरसमज दूर करतो. श्रद्धेतून होणारा धर्माचा अभ्यास मला कमी वाटत नाही. आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मुलं चार वर्षं राहतात, पहाटे उठतात, ज्ञानेश्वरी पाठ करतात, पखवाज शिकतात आणि कीर्तनाला उभी राहतात. पुण्यात नगर रस्त्याला ज्ञानदीप विद्यापीठात ख्रिस्ती धर्मगुरू होणारे विद्यार्थी तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी शिकतात. तिथली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. वेदपाठशाळा आहेत, मदरसे आहेत. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूर कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद दिली आणि तिच्या जोरावर आजही तिथून थिऑलॉजीच्या पदव्या मिळतात. ज्या विल्यम केरीने ते कॉलेज सुरू केलं त्यानेच १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, म्हणून आपलंही त्या जागेशी नातं आहे. या सगळ्या संस्था आपापल्या परंपरेचे वाहक घडवतात आणि ते काम त्यांनीच करावं. विद्यापीठाने कीर्तनकार, भन्ते, मौलवी किंवा पाद्री घडवू नयेत. पण आळंदीचा विद्यार्थी आणि नगर रस्त्यावरचा विद्यार्थी एका बाकावर बसून एकमेकांचे ग्रंथ वाचू शकतील अशी जागा विद्यापीठाखेरीज दुसरी कोणती असणार?

सध्या ती जागा परदेशात आहे. खंडोबा आणि धनगरांच्या ओव्या यांवर आयुष्य वेचलेले गुंथर सोंथायमर जर्मनीतल्या हायडेलबर्गचे. महानुभाव ग्रंथांवर काम करणाऱ्या ॲन फेल्डहाउस यांनी धर्म-अभ्यास शिकवला तो अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात. या दोघांचे महाराष्ट्रावर उपकार आहेत, आणि ते मी मनापासून मानतो. पण माझ्या वर्गात धनगरवाड्यातली मुलं बसतात. बिरोबाच्या ओव्या त्यांच्या आजोबांच्या तोंडात आहेत. त्यांना टिपण कसं घ्यायचं, प्रश्न कसा विचारायचा, पाठभेद कसा नोंदवायचा हे शिकवायला आम्ही पदवीची तीन-चार वर्षं वापरत नाही. आता रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या गावी, मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं आहे. निदान तिथे तरी महानुभावांचं ब्रह्मविद्याशास्त्र भाषेच्या पुराव्यापलीकडे जाऊन शिकवलं जावं अशी माझी आशा आहे.

भीतीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमावाचा जो हल्ला झाला तो आमच्या पिढीचा कोणताही शिक्षक विसरलेला नाही. फुटलेली कपाटं आणि जमिनीवर पडलेले ग्रंथ मी वर्तमानपत्रात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलावं ते मला सुचलं नाही. तेव्हापासून 'धर्म' म्हटलं की प्राचार्य दचकतात, संस्थाचालक दचकतात. मी त्यांना भित्रे म्हणत नाही, त्यांच्यावर शेकडो मुलांची जबाबदारी असते. पण आपण शिकवलं नाही म्हणून मुलं धर्माबद्दल काही शिकत नाहीत असं थोडंच आहे? ती दिवसभर शिकत असतात, मोबाइलवर. दुसऱ्याच्या ग्रंथातलं एक वाक्य, मागचं-पुढचं कापलेलं, लाल अक्षरांत, खाली 'पुढे पाठवा'. ते वाक्य खरंच त्या ग्रंथात आहे का, कुठल्या संदर्भात आहे, त्या धर्माचे लोक त्याचा काय अर्थ लावतात, हे तपासायची रीत ज्याला कुणी शिकवली नाही तो पदवीधर ते पुढे पाठवणार नाही तर काय करणार?

'पोटाचं काय' हाही प्रश्न येतो, त्याला थोडक्यात उत्तर देतो. ज्या राज्यात धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, हजारो देवस्थानं आणि ट्रस्ट आहेत, वारी, कुंभमेळा, उरूस आणि चैत्यभूमीची गर्दी सांभाळणारं प्रशासन आहे, पत्रकार आणि पोलीस अधिकारी आहेत, तिथे धर्म समजणाऱ्या माणसाची गरज नाही असं कुणी म्हणू नये. सगळ्यांना नोकऱ्या मिळतील असं वचन मी देत नाही. ते इतर कोणत्या कलाशाखेच्या विषयाला तरी देतो?

मागणी मोठी नाही. सुरुवातीला पूर्ण विभाग नको, प्रत्येक विद्यापीठात दोन-तीन महाविद्यालयांत 'मायनर', म्हणजे दुय्यम विषय म्हणून हा विषय द्या. शिकवणं मराठीतून असू द्या, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एका मूळ भाषेची तोंडओळख सक्तीची करा. पाली, अर्धमागधी, संस्कृत, अरबी, जी त्याला हवी ती, पण शक्यतो स्वतःच्या घरची सोडून दुसरी. शिक्षक घडवायला उन्हाळी वर्ग घ्या आणि त्यात आळंदी, ज्ञानदीप, मदरसे, विहार यांतल्या जाणकारांना बोलवा. अभ्यास मंडळावर एकाच परंपरेची माणसं बसवू नका. एवढं सगळं जमणार नसेल तरी क्षेत्रकार्य तेवढं वगळू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

ती का, ते सांगतो. शनिवारच्या मुलांना मी एक काम देतो. गावातल्या एका धार्मिक जागेत तीन वेळा जायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, मत लिहायचं नाही. सांगली जिल्ह्यातून आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत आणि त्यांचे हिंदू मानकरी यांवर लिहिलं. तो लहानपणापासून ते बघत आला होता, पण मान कोणत्या घराला आणि का, हे त्याने पहिल्यांदा विचारलं.

दुसरी वही एका मुलीची. तिच्या गावाच्या शिवेवर एक पीर आहे. पहिल्या भेटीत तिने लिहिलं: 'हिरवी चादर. दोन पणत्या. कुणी नाही.' दुसऱ्या भेटीत, गुरुवारी: 'मुजावर आले. झाडलोट केली. नंतर तीन बायका आल्या, कुंकू लावलेल्या. तेल घातलं. एकीच्या हातात डबा होता.' तिसऱ्या भेटीत ती डब्यापर्यंत पोचली. डब्यात मलिदा होता आणि डबा तिच्याच आजीचा होता. आजी ४० वर्षं दर गुरुवारी तिथे जात होती, नातीला वाटायचं ती दळणाला जाते. वहीच्या शेवटी तिने एकच ओळ लिहिली होती आणि ती मत आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून पेन्सिलीने लिहिली होती: 'आजीला मी विचारलं नव्हतं.'

अशा ४३ वह्या माझ्या कपाटात आहेत. येत्या सत्रात अभ्यास मंडळाच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. तारीख कळवलीत तर सगळ्या वह्या घेऊन मी स्वखर्चाने येईन. बैठक अर्ध्या दिवसाची ठेवा. त्या वाचायला तेवढा वेळ लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक शिक्षक
जिल्हा सातारा